जाहिरातीच्या मागे

जवळ सरकून बसा माउली, एक नवल सांगतो.

आमचे थोरले बंधू गहिनीनाथदादा कीर्तनात टाळकरी होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. अंबाजोगाईचं लोकल चॅनल रोज संध्याकाळी जुनी कीर्तनं दाखवतं. त्यातल्या एकात कॅमेरा दादांकडं वळतो, आणि नेमकी तिथंच ठिबकच्या पाईपची जाहिरात लागते.

वत्सलावहिनी चॅनलवाल्या बजरंगला म्हणाल्या, "जाहिरात जरा पुढं सरकव की रे. एकदा तोंड बघू दे त्यांचं."

"काकू, पाईपवाल्याच्या जिवावरच तर कीर्तन दिसतंय. तो न्हाई तर महाराजबी न्हाईत," तो हसला. मग वहिनींकडं बघून हळूच म्हणाला, "गुरुवारी एक डाव जाहिरात काढतो."

गुरुवारी वहिनी आणि मी टीव्हीपुढं बसलो. महाराजांनी गजर धरला, कॅमेरा वळला, आणि एरवी जाहिरात लागायची त्या क्षणी मांडवातले सगळे जागच्या जागी थांबले. मृदंगावरचा हात वरच राहिला. आवाज बंद. मला वाटलं, चित्र अडकलं. पण मांडवाची झालर वाऱ्यानं हलत होती. ते सगळे जाहिरात संपायची वाट बघत होते.

एकटे दादा हलले. त्यांनी टाळ खाली केले आणि सरळ वहिनींकडं बघितलं.

वहिनींनी पदर सावरला. "जेवलात का?"

दादांनी नाही म्हणून मान हलवली.

माउली, कीर्तनात जाहिरात लागली तर उठून जाऊ नका. तेवढा वेळ आमच्या गहिनीनाथदादांची आठवण काढा.