फोटोंची सप्तपदी

श्यामलाने माऊस जरासा डावीकडे ओढला आणि मीनाचा खांदा गेला. आणखी थोडा ओढला, पदरही गेला. आता फोटोत आभा एकटीच उरली. शाळेचा पहिला दिवस, गळ्यात पाण्याची बाटली. श्यामलाने प्रिंटचं बटण दाबलं.

आभाच्या लग्नाचं रुखवत ती स्वतः करत होती. बाजारात तयार मिळणारी मण्यांची सप्तपदी तिला नको होती. तिने सात छोटे पाट आणले होते. प्रत्येक पाटावर तांदळाची रास, तिच्यावर सुपारी आणि मागे उभा केलेला आभाचा एकेक फोटो. पहिल्या पाटावर रांगणारी, सातव्यावर नोकरीला लागलेली. कागद मेनरोडवरून आणला होता. जाड, मॅट, हात लागला तरी डाग न पडणारा.

अडचण एकच होती. ज्या फोटोत आभा, त्या फोटोत मीना.

श्यामलाची बहुतेक नोकरी कळवणकडच्या एका आश्रमशाळेत गेली. तिथेच राहायचं, शनिवारी नाशिकला घरी यायचं, सोमवारी पहाटेची एसटी धरायची. आभा घरी, धाकट्या जावेपाशी. मीनाला स्वतःचा मुलगा होता, तरी हिला माझीच मुलगी लागते, असं श्यामलाला वाटे. आभाच्या वेण्या मीनाने घातल्या, पाढे मीनाने घेतले, ताप आला की उशाशी मीना. लोक म्हणत, नशीब काढलंत, अशी जाऊ मिळाली. श्यामला हो म्हणे आणि आतून जळे. जिचे उपकार घ्यायचे तिचाच मत्सर करायचा, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

साखरपुड्यात तर कहर झाला. मुलाच्या आईने ओटीचं ताट उचललं आणि ती सरळ मीनापुढे जाऊन उभी राहिली. आभाची आई तीच, असा तिचा समज झाला होता. मीना चटकन बाजूला झाली, सगळे हसले. श्यामलाही हसली. घरी आल्यावर मात्र डोकं दुखतंय म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं.

म्हणून हा सगळा खटाटोप. निदान लग्नात तरी सासरच्यांना कळायला हवं, मुलगी कुणाची आहे ते.

"ताई, मी काही करू का? पाट रंगवू?" मीनाने दारातून विचारलं.

"नको. माझं होतंय," श्यामला म्हणाली आणि तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

मीना लाडू वळायला गेली. श्यामलाने पुढचा फोटो घेतला, सायकल शिकतानाचा. सीट धरलेला मीनाचा हात काढायला फार वेळ लागला. छापून आला तेव्हा सायकल आपली आपण उभी असल्यासारखी दिसत होती. श्यामलाला ते आवडलं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवताभोवती गर्दी झाली. बायका लाडवांवरून, करंज्यांवरून पुढे सरकत आणि सप्तपदीपाशी थबकत. घरी छापलंय मी, असं श्यामला प्रत्येकीला सांगत होती. मीना आली तेव्हा मात्र ती पाटावरची सुपारी सारखी करू लागली. मीनाने सातही फोटो पाहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येक फोटोत आपण कुठे उभ्या होतो हे तिला ठाऊकच असणार.

"कागद फार सुंदर आहे, ताई," ती म्हणाली आणि हळदीकुंकवाचं तबक आणायला वळली.

तिचा पडलेला चेहरा पाहून बरं वाटेल, अशी श्यामलाची अपेक्षा होती. वाटलंही. थोडंसं.

मग विहीणबाई आल्या. सोबत त्यांच्या सासूबाई, सायखेड्याहून आलेल्या, नवऱ्या मुलाच्या आजी. आजींनी चष्मा सारखा केला आणि त्या एकेका फोटोवर बोट ठेवत गेल्या.

"पोरगी लय गोड हाय," त्या म्हणाल्या. "पण ही समोर का बघत नाय? हितं बी कडंला बघून हसती, हितं बी तेच. कोण व्हतं तिथं?"

विहीणबाई वाकल्या. आजूबाजूच्या बायका वाकल्या. श्यामलानेही पाहिलं. आठवडाभर तिने मीनाचा पदर कुठे संपतो तेवढंच पाहिलं होतं. आता आभाचे डोळे दिसले. शाळेत निघताना, सायकलवर, बक्षिसाचा कप हातात घेऊन, आभा त्या कापलेल्या कडेकडेच बघत होती. तशी हसताना श्यामलाने तिला घरी कधी पाहिलं नव्हतं.

मीना तबक घेऊन मागेच उभी होती. तिने खरं ते सांगितलं असतं, तर दोन्हीकडच्या मंडळींसमोर श्यामलाची शोभा झाली असती. आणि सांगायचा तिला हक्कही होता.

"कोण असणार, आजी?" मीना म्हणाली. "तिची आई. ताई तिथेच उभ्या असायच्या ना."