उजव्या गालाची तीट

“आई, तीट कोणत्या गालावर देऊ?”

“उजव्या,” देवयानी म्हणाली. या उत्तरासाठी तिला कधी विचार करावा लागला नव्हता.

रविवारची सकाळ होती. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या दोन खोल्यांत, बूढापाऱ्यातल्या दुकानातून आणलेला सेकंडहँड कंप्युटर घरघरत होता. अकरा वर्षांची मंजिरी शाळेत शिकवलेल्या बेसिक या कंप्युटरच्या भाषेत खेळ बनवत होती. बोरं वेचणारी एक पोट्टी आणि तिच्या मागे लागलेलं भूत. खेळात हलणाऱ्या अशा बाहुलीला शाळेतले सर स्प्राइट म्हणत. ती आधी चौकटीच्या वहीत काढायची. सोळा घरं आडवी, सोळा उभी. भरलेल्या घराला एक, रिकाम्याला शून्य. मग ते आकडे ओळीने कंप्युटरला द्यायचे. एक घर चुकलं तरी बाहुली बिघडायची, म्हणून देवयानी मागे बसून ओळ न् ओळ तपासत होती. तशी ती पोरीचं सगळंच तपासायची. झोपेतला श्वाससुद्धा.

“खेळातल्या पोट्टीले कायची तीट गं?”

“भूत हाय ना त्यात! नजर लागली म्हणजे?” मंजिरी हसली. “माझ्या लहानपणच्या फोटोत हाय, तशीच पाहिजे.”

“बरं. मोजून भर.”

“हव.”

“‘हो’ म्हण. काय सारखं हव हव!”

“हव,” मंजिरी मुद्दाम म्हणाली.

फोटोतली ती तीट नजरेसाठी नव्हतीच. पाळण्यात जुळ्या दोघी होत्या, मंजिरी आणि कृष्णा. सुशीलला, त्यांच्या बापाला, त्या शेवटपर्यंत वेगळ्या ओळखता आल्या नाहीत; देवयानीचाही घोळ व्हायचा. म्हणून देवयानीने खूण ठरवली होती. मंजिरीला उजव्या गालावर, कृष्णाला डाव्या. चौथ्या महिन्यात वर्ध्याच्या घरात सगळ्यांनाच तापाने धरलं. देवयानी अंथरुणाला खिळली. पोरींना न्हाऊ घालायला शेजारच्या विनोदिनीमावशी यायच्या. पडल्यापडल्या देवयानी रोज बजावायची, “मावशी, मंजिरीले उजवा, कृष्णाले डावा.”

पाचव्या दिवशी एक गेली. राहिलेलीच्या उजव्या गालावर तीट होती. ती पाहून देवयानी म्हणाली, “माझी कृष्णा गेली.”

पुढे रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. सुशीलला तिथे नोकरी लागली. इथे कोणाला काही ठाऊक नव्हतं आणि तेच तिला बरं वाटलं होतं. मंजिरीलाही तिने सांगितलं नाही. कृष्णाचं नाव या घरात एकदाही निघालं नव्हतं.

मंजिरीने पेन्सिलने गालावरचं एक घर काळं केलं. देवयानीने त्यावर बोट ठेवलं.

“चुकलं. हा डावा झाला.”

“डावा कसा? हे पाह्य.” मंजिरीने उजवा हात त्या बाजूला आपटला. “उजवीकडेच तर हाय.”

“ते आपलं उजवं. ती आपल्याकडे तोंड करून हाय ना? तिचा उजवा गाल तिकडे.”

मंजिरीने वही फिरवून पाहिली. मग वैतागली. “मग तसं सांगायचं ना! उजवा म्हटलं का कोणीबी आपल्याच उजव्या हाताकडे लावन.”

देवयानीचं बोट वहीवरच राहिलं.

न्हाणीत पाय लांब करून बसलेल्या विनोदिनीमावशी तिला दिसल्या. पायांवर उताणं लेकरू, मावशींकडे तोंड करून. काजळात बुडवलेलं बोट. आतल्या खोलीतून येणारा आपलाच तापातला आवाज, मंजिरीले उजवा, मावशी. ते बोट मग कोणत्या गालाकडे गेलं, हे तिने पाहिलं नव्हतं. मावशींना तिने कधी विचारलंही नव्हतं. विचारायला आता त्या राहिल्या नव्हत्या.

मंजिरीने खोडलं, पलीकडचं घर भरलं, आकडे बदलले आणि कळ दाबली. पडद्यावर बाहुली उमटली. तुरुतुरु चालू लागली.

देवयानी बाहुलीकडे पाहत नव्हती. ती पोरीच्या गालाकडे पाहत होती. तिथे आता कसलीच खूण नव्हती.

“कृष्णा...” तिच्या तोंडून निघून गेलं.

“हव,” पडद्यावरची नजर न काढता पोरीने ओ दिली.