शेवटचा आकडा

बाबांचा पैसा पाच बँका नि तीन फंडांत पिल्लांसारखा पांगलेला. दर एक तारखेला ते सगळी खाती उघडून गोळाबेरीज करायचे. आई जाऊन वर्ष झालं, तरी ओटीपी तिच्याच फोनवर यायचा. तो फोन स्वयंपाकघरात, तिच्या जागेवर. आजही बाबा प्रत्येक ओटीपी आत जाऊन बघून आले आणि बाहेर येऊन चुकीचा टाकला.

"बाबा, तुमचाच नंबर देऊ या ना आता!" लेक वैतागली. "आणि दर वेळी शेवटचाच आकडा कसा हो चुकतो?"

"तुझी आई आतून ओरडून सांगायची ना, तर शेवटचा मुद्दाम चुकीचा सांगायची, लबाड! मग मला उठून तिच्यापाशी जावंच लागायचं."

"आलो गं, आलो!" म्हणत बाबा गुडघे धरून पुन्हा उठले.