फाटकाबाहेरचा घास

नवऱ्याच्या श्राद्धाचा घास कमलआजींनी यंदा डब्यात भरून थेट शिवपुरीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे नेला. झाशीत त्यांच्या कॉलनीत दोन वर्षं कावळाच फिरकला नव्हता, आणि घासाला कावळा शिवल्याशिवाय आजी त्या दिवशी अन्नाला हात लावत नसत.

उद्यानातल्या तळ्याकाठी जीप थांबली आणि अगदी हाताशी, खालच्या फांदीवर कावळा येऊन बसला. नात इरा हरखली. "आजी, कौवा! जल्दी टाक. ड्रायव्हर भैया कुछ नहीं बोलेंगे."

आजींनी डबा उघडला. वड्याचा वास सुटला तशी कावळ्याने मान तिरकी केली. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या, मग झाकण घट्ट लावून हळूच म्हणाल्या, "इथे नको. बाहेर या."

"तो काय तुझं ऐकणार आहे? पुन्हा दिवसभर उपाशी बसशील!" इरा चिडली.

फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागे आजींनी पत्रावळीवर घास मांडला. हात जोडायच्या आत कावळा उतरला आणि नेमका वडा उचलून उडाला.

"पण आजी, आत दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

आजींनी डब्यातला उरलेला वडा तोंडात टाकला आणि मनापासून हसल्या. "अगं, तुझे आजोबा याच जंगलात रेंजर होते. 'डिब्बा बंद कीजिए, जी' असं लोकांना सांगता सांगता घसा बसायचा त्यांचा. आत शिवले असते होय?"