मागे लक्ष ठेवा

आमचे भावोजी डोंगरात निघाले की त्यांच्या पाठीवरच्या सॅकपेक्षा त्यांची अक्कलच जास्त जड होते. या रविवारी ताईला घेऊन गेले आणि अर्ध्या वाटेत, काठीला मोबाइल लावून, 'पायवाटेवर सावध कसं राहावं' यावर व्हिडिओ काढत बसले. कानात इअरफोन घालू नका, अधूनमधून मागे वळून बघा, सोबतच्या माणसाला नजरेआड होऊ देऊ नका, असं बरंच ज्ञान पाजळलं. मध्येच केस विस्कटले म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली लिहिलं होतं, "आम्ही दोघं सुखरूप खाली पोचलो. गाडीत बसून लगेच एडिटिंगही केलं. नवशिक्यांनी जरूर बघा." काकांनी टाळ्या टाकल्या, आत्याने हात जोडले. आमच्या आईला तर काय बोलू आणि काय नको असं झालं. "जावई असावा तर असा!" तिने लिहिलं.

तेवढ्यात ताईचा मेसेज आला. "अहो, व्हिडिओत तुमच्या मागे दगडावर बसून कोणीतरी हात हलवतंय ना, ती मी आहे. पाय मुरगळलाय माझा. अजून तिथेच बसलेय."

मग भावोजींचं उत्तर आलं.



"अगं, माझ्या लक्षातच नाही आलं! थांब, तेवढा भाग कापून व्हिडिओ परत टाकतो."