बारशाआधीची लेन्स

नर्मदाबाईंच्या बोटावरची लेन्स पुन्हा घसरून टेबलावर पडली.

“लेन्स ओली, बोट कोरडं, अम्मा,” डोळ्यांच्या दवाखान्यात लेन्स लावायला शिकवणारी सुमा म्हणाली. “तुमचं उलटं होतंय.”

नर्मदाबाईंनी मान डोलावली आणि बोट पुसलं. जन्मभर त्यांनी पहिलीच्या मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. आता सुमाच्या दवाखान्यात त्या स्वतःच पहिलीत बसल्या होत्या. नखं मुळापासून कापली होती, बांगड्या घरी काढून ठेवल्या होत्या. नातीचं आधीच लांबलेलं बारसं रविवारवर आलं होतं, आणि हात बसल्याशिवाय लेन्स घरी नेता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

लेन्स निवडतानाही त्यांनी सुमाला भंडावून सोडलं. कडक लेन्स टोचेल का? डोळा चोळला तर मऊ लेन्स निसटेल का? मध्येच डुलकी लागली तर? शेवटी सुमानं झोपेतही चालेल अशी एक मऊ लेन्स पुढे ठेवली. नंबर मोठा आहे, पण हळूहळू उतरेल, तशी बदलत जाऊ, म्हणाली.

शेजारच्या वनजाला हे कळलं तेव्हा तिला हसू आवरेना.

“अय्यो नर्मदाक्का, या वयात नंबर उतरतो होय? सरळ सांगा की, बारशाच्या फोटोत चष्मा नको म्हणून.”

“फोटो चांगला यायला हवा, हे खरं,” नर्मदाबाई म्हणाल्या आणि मोगऱ्याची माळ ओवत राहिल्या.

घरी सरावाला जगन्नाथराव होते. ते चटईवर उताणे पडत. नर्मदाबाई उशाशी बसून सरावाची लेन्स बोटावर घेत, अंगठ्यानं त्यांची पापणी उचलत आणि बडबडगीत गुणगुणत. गाणं कशाला, असं जगन्नाथरावांनी एकदाही विचारलं नाही. एकदा लेन्स गालावर सापडली, एकदा मिशीत. लेक प्रार्थना दारात उभी राहून बघे आणि लेन्स पडली की आत निघून जाई.

“इतकी वर्षं संसार झाला,” जगन्नाथराव म्हणाले, “पण डोळ्यांत डोळे घालून आत्ता बघतेस.”

“हलू नका. पहिलीतली पोरं बरी तुमच्यापेक्षा.”

ते हलले नाहीत. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “जमेल ना गं?”

“जमवायचंच आहे.”

त्या संध्याकाळी पहिल्यांदा लेन्स जागच्या जागी बसली. जगन्नाथरावांच्या डोळ्याला पाणी आलं. लेन्समुळे, असं ते म्हणाले.

शनिवारी सगळेच दवाखान्यात गेले. आरसा टेबलावर पालथा पडला होता. सुमानं डबी उघडली.

“सराव पुरे, अम्मा. आता खरी.”

नर्मदाबाईंनी बोट कोरडं केलं. चष्मा नाकावर नीट बसवला. गाणं गुणगुणत अंगठ्यानं पापणी उचलली, लेन्स अलगद टेकवली आणि बोट मागे घेतलं.

प्रार्थनाच्या मांडीवर, दुपट्यातलं रडणं थांबलं. जन्मजात मोतीबिंदू काढलेला तो इवलासा डोळा क्षणभर भिरभिरला आणि आजीच्या चष्म्यावर येऊन ठरला.