वेळ संपल्याची घंटा

शाश्वत विकासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं यजमानपद मिळाल्यापासून विभागप्रमुखांचे पाय जमिनीला लागत नव्हते. सत्राचे अध्यक्षही तेच. वेळ संपला की पितळी घंटा वाजवायची आणि बोलणाऱ्याला बसवायचं. त्यांच्याच विद्यार्थिनीने पडद्यावर त्यांचं प्लास्टिक भरडायचं गाजलेलं यंत्र दाखवलं, मग रक्ताने माखलेला फाटका हातमोजा. "या यंत्रावर माझा दादा कामाला होता. त्याचा हात आत ओढला गेला." घंटा खणाणली. "हातामागोमाग दादाही." पुन्हा घंटा. "खाली बस! पाहुण्यांपुढे तमाशा नकोय." तिने टेबलापाशी येऊन घंटा हिसकावली आणि त्यांच्या बोटांवर हाणली. पुन्हा हाणली. हाडं मोडल्याचा आवाज माईकने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवला. "तेव्हाही यंत्र बघायला पाहुणेच आले होते. त्यांच्या कानांना त्रास नको म्हणून धोक्याचा भोंगा तुम्हीच बंद करायला लावलात." रक्ताळलेली घंटा तिने ठेचलेल्या हातापुढे ठेवली. "आता वाजवा, सर."